यूअन मॅकॉल आणि अस्सल गाण्याची भानगड

यूअन मॅकॉल हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं. त्याचं गाणं मात्र ऐकलेलं असू शकतं. रॉबर्टा फ्लॅकच्या आवाजातलं 'द फर्स्ट टाइम एव्हर आय सॉ युअर फेस' १९७२ साली अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या नंबरवर होतं आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. ते गाणं मॅकॉलचं. 'डर्टी ओल्ड टाउन' डब्लिनर्सनी आणि मग पोग्जनी इतकं गाजवलं की ते आयर्लंडमधल्या कुठल्यातरी शहराबद्दल आहे असं पुष्कळांना वाटतं. तेही मॅकॉलचंच, आणि ते आहे मँचेस्टरला लागून असलेल्या सॉल्फर्डबद्दल. 'स्कारबरो फेअर' त्याचं नाही, ते कुणाचंच नाही, पण ते जगभर गेलं त्या वाटेवर एका ठिकाणी मॅकॉल उभा आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

मला या माणसाबद्दल कुतूहल वाटायला लागलं ते मात्र त्याच्या एका नियमामुळे.

१९५०च्या दशकात लंडनमध्ये पबच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत लोकगीतांचे क्लब भरायचे. मॅकॉल आणि त्याच्या मित्रांचा 'बॅलड्स अँड ब्लूज' हा त्यांतला सुरुवातीचा एक. खाली बिअर, वर गाणी. एका संध्याकाळी लंडनचाच एक मुलगा उठला आणि लेड बेली या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकाचं 'रॉक आयलंड लाइन' म्हणायला लागला. उच्चार अर्धे कॉकनी, अर्धे ओढूनताणून आणलेले अमेरिकन. मॅकॉलची जोडीदारीण पेगी सीगर ही खुद्द अमेरिकेची. तिला हसू आवरेना, आणि ते सगळ्यांना दिसलं. हा किस्सा पुढे तिनेच सांगितला आहे. नंतर क्लबमध्ये चर्चा झाली, भांडणं झाली आणि नियम ठरला: इथे मंचावर गाणाऱ्याने आपल्या भाषेतलं, आपण जिथे वाढलो तिथलंच गाणं गायचं. स्कॉटिश माणसाने स्कॉटिश, इंग्लिश माणसाने इंग्लिश, पेगीने अमेरिकन. १९६१मध्ये निघालेल्या 'सिंगर्स क्लब'मध्ये तर हा नियम म्हणजे घटनेचं कलमच झाला.

नियम ऐकायला हुकूमशाही वाटतो, आणि बऱ्याच जणांना तो तसाच वाटला. पण त्यामागची भीती खरी होती. १९५६च्या सुरुवातीला लॉनी डॉनेगन या गायकाचं तेच 'रॉक आयलंड लाइन' ब्रिटनमध्ये तुफान चाललं. स्किफल नावाचा प्रकार त्यातून पसरला. एक गिटार, कपडे धुवायच्या पत्र्याच्या फळीवर अंगुस्तान घालून धरलेला ठेका, चहाच्या पेटीला दांडा आणि दोरी लावून केलेला बास. शिकवणी नको, पैसे नकोत. लिव्हरपूलच्या जॉन लेननने आपला पहिला कंपू जमवला तो याच लाटेत. हजारो पोरं गायला लागली हे उत्तमच झालं, पण ती गात होती मिसिसिपीबद्दल, कापसाच्या शेतांबद्दल, अमेरिकन रेल्वेबद्दल. ज्या देशात रेल्वे जन्माला आली त्या देशातल्या पोरांना रेल्वेवर गायला अमेरिकन गाणं लागावं! मॅकॉलला हे सलत होतं.

गंमत पुढेच आहे. हा नियम करणारा स्कॉटिश गायक यूअन मॅकॉल म्हणजे सॉल्फर्डमध्ये जन्मलेला जेम्स हेन्री मिलर. घरचे त्याला जिमी म्हणत. जन्म २५ जानेवारी १९१५. स्कॉटलंडमध्ये तो वाढलाच नाही. आपलं जन्मगाव म्हणून तो पर्थशरमधलं ऑक्टरआर्डर सांगायचा. ते त्याच्या आईचं गाव. म्हणजे अस्सलपणाच्या दारावर बसलेला हा द्वारपाल स्वतः नाव आणि गाव बदलून आत आलेला.

एवढं कळल्यावर पुष्कळ जण हसतात आणि विषय संपवतात. ढोंगी होता, झालं. मला ते तितकं सोपं वाटत नाही.

मॅकॉलचा बाप विल्यम मिलर लोखंडाच्या ओतकामाचा कारागीर. कट्टर युनियनवाला, त्यामुळे काळ्या यादीत नाव गेलेलं. स्कॉटलंडमध्ये काम मिळेना म्हणून कुटुंब सॉल्फर्डला आलं. सोबतीला दमा. आई बेट्सी दुसऱ्यांच्या घरी साफसफाईची कामं करायची. दोघंही गायचे. म्हणजे सॉल्फर्डच्या गल्लीत, गिरण्यांच्या धुरात, घराच्या आत स्कॉटलंड होतं आणि उंबऱ्याबाहेर लँकशर. (गावाबाहेर वाढलेल्या, घरात एक बोली आणि रस्त्यावर दुसरी बोलणाऱ्या माणसाला 'तू नक्की कुठला' असं विचारून पाहा.) जिमीने चौदाव्या वर्षी, १९२९ साली शाळा सोडली आणि त्याच वर्षी जगाचं दिवाळं निघालं. काम नाही. दिवस सार्वजनिक वाचनालयात काढायचे, तिथे निदान ऊब असायची. यंग कम्युनिस्ट लीगमध्ये तो गेला, रस्त्यावर नाटकं करायला लागला. १९३२पासून ब्रिटिश गुप्तचर खात्याने, म्हणजे एमआय-फाइव्हने, त्याच्यावर फाइल ठेवली होती. सतरा वर्षांच्या बेकार पोरावर! त्या फाइली २००६मध्ये खुल्या झाल्या.

त्याच वर्षी, २४ एप्रिल १९३२ रोजी, मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट या डोंगरावर काहीशे कामगार पोरं मुद्दाम घुसली. डोंगर जमीनदारांचा, शिकारीसाठी राखलेला. आठवडाभर कारखान्यात राबलेल्यांना रविवारी चालायलासुद्धा बंदी. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास झाला. जिमी मिलर त्या मोर्च्यात होता आणि प्रसिद्धीचं काम बघत होता. त्याने त्यावर 'द मँचेस्टर रँबलर' हे गाणं रचलं. डोंगरात भटकणारे ब्रिटिश लोक ते अजून म्हणतात. १९५१ साली ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते पीक डिस्ट्रिक्ट, त्यातच हा डोंगर येतो. गाण्यामुळे कायदे होत नाहीत हे खरं. पण सतरा वर्षांच्या पोराचं गाणं नव्वद वर्षं टिकलं, हेही काही कमी नाही.

मधली नाटकाची वर्षं मी भरभर ओलांडतो, कारण ती वेगळ्या लेखाचा विषय आहेत. जोन लिटलवूड ही विलक्षण दिग्दर्शिका १९३४मध्ये मँचेस्टरला आली, दोघांनी लग्न केलं, एकामागून एक नाटक मंडळ्या काढल्या. १९४५मध्ये 'थिएटर वर्कशॉप' उभं राहिलं. दरम्यान युद्ध. १९४० साली जिमी सैन्यात भरती झाला आणि त्याच डिसेंबरात पळाला. ही गोष्ट तो पुढे जन्मभर बोलला नाही, आत्मचरित्रातसुद्धा नाही. युद्धानंतर तो नव्या नावाने वावरायला लागला. यूअन मॅकॉल हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या एका गेलिक कवीच्या नावावरून घेतलेलं. त्या वेळी स्कॉटलंडमध्ये स्कॉट्स बोलीत लिहिण्याची चळवळ होती आणि तिच्यातले बरेच कवी अशी नावं घेत होते, त्यामुळे ते अगदीच विचित्र नव्हतं. शिवाय फरारी माणसाला नवं नाव सोयीचंही. १९४६च्या शेवटी त्याला पकडलंच, पण आजारपणाच्या कारणावरून लष्कराने सोडून दिलं.

'डर्टी ओल्ड टाउन' १९४९चं. 'लँडस्केप विथ चिमनीज' या त्याच्याच नाटकात दोन प्रवेशांच्या मध्ये नेपथ्य बदलायला वेळ हवा होता, तेवढ्यापुरतं लिहिलेलं. नाटक आज कुणाला आठवत नाही.

आता थोडं मागे जायला हवं, कारण ब्रिटनमध्ये जुनी गाणी वेचण्याचा उद्योग मॅकॉलने सुरू केलेला नाही. त्याच्या आधी एक पिढी होऊन गेली होती. हार्वर्डचे फ्रान्सिस चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात इंग्लिश आणि स्कॉटिश बॅलड्सचा प्रचंड संग्रह छापला. ३०५ बॅलड्स, प्रत्येकाची जितकी मिळतील तितकी रूपं. (बॅलडला मराठीत सरसकट पोवाडा म्हणतात ते मला पटत नाही. पोवाड्यात शाहीर समोर उभा राहून वीराची तारीफ करतो. बॅलडमध्ये सांगणारा जवळजवळ दिसतच नाही. भावाने भावाला मारलं, आईने विचारलं, रक्त कुणाचं, एवढंच. कोरडेपणाने सांगितलेलं असतं म्हणून अंगावर येतं. कथागीत हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा.) चाइल्ड यांचं काम कागदावरचं होतं. चाली गोळा करायला माणसांकडे जावं लागतं. ते सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने केलं. १९०३ साली सॉमरसेटमधल्या हँब्रिज गावात, पाद्र्याच्या बागेत काम करणारा माळी गुणगुणत होता ते शार्पने टिपून घेतलं आणि मग आयुष्यभर तेच केलं. सुमारे पाच हजार चाली त्याने जमवल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो अमेरिकेतल्या ॲपलाशियन डोंगरांतही हिंडला, कारण तिथे वस्ती केलेल्या लोकांनी इंग्लंडमध्ये विसरलेली गाणी जपून ठेवली होती.

शार्पचे उपकार मोठे आहेत. पण त्याच्या कल्पनेतला 'लोक' म्हणजे खेड्यातला, निरक्षर, शहरापासून लांब राहिलेला शेतकरी. त्याच वेळी निम्म्याहून जास्त इंग्लंड शहरांत राहत होतं. गिरणीतल्या बायका, खाणीतली माणसं, बंदरावरचे हमाल गातात हे त्याच्या यादीत बसत नव्हतं. शिवाय त्याने मिळवलेली गाणी शाळेत गेली ती पियानोच्या साथीने, सभ्य करून, चावट कडवी काढून. पिढ्यान्पिढ्या पोरांना ती कंटाळा येईपर्यंत म्हणावी लागली. लोकगीत म्हणजे शाळेतली सक्ती, असं समीकरण तयार झालं.

दुसरं पुनरुज्जीवन म्हणतात ते इथून वेगळं पडतं. अमेरिकन संग्राहक ॲलन लोमॅक्स १९५०मध्ये मॅकार्थीच्या वातावरणातून निघून युरोपात आला, टेपरेकॉर्डर घेऊन. १९५१च्या सुरुवातीला तो मॅकॉलला भेटला. त्यानेच बर्ट लॉइडशी गाठ घालून दिली. लॉइड म्हणजे आणखी एक वल्ली. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या मळ्यावर राबलेला, देवमाशांच्या शिकारी बोटीवर गेलेला, स्वतःच शिकून विद्वान झालेला आणि अर्थात कम्युनिस्ट. त्याने १९५२मध्ये खाणकामगारांच्या गाण्यांचं पुस्तक काढलं. खाणीत गाणं असतं हे छापून आलं. (लॉइड गाणी गुपचूप दुरुस्त करायचा, कडवी जोडायचा आणि खाली 'पारंपरिक' असं लिहायचा, हे पुढच्या अभ्यासकांनी शोधून काढलं. मॅकॉलने आईवडिलांकडून आली म्हणून दिलेल्या काही गाण्यांबद्दलही असाच संशय घेतला जातो. या मंडळींना परंपरा इतकी हवी होती की कमी पडली तिथे त्यांनी ती घरी बनवली.)

पेगी सीगर लंडनला आली १९५६च्या मार्चमध्ये, लोमॅक्सच्याच बोलावण्यावरून. एका टीव्ही नाटकासाठी बँजो वाजवणारी मुलगी हवी होती. ती वीस वर्षांची, मॅकॉल एकेचाळीस वर्षांचा. त्याचं दुसरं लग्न झालेलं, नृत्य-दिग्दर्शिका जीन न्यूलव्हशी. घरात लहान मुलगा. पुढची काही वर्षं फार गुंतागुंतीची आहेत. १९५९मध्ये पेगीला मॅकॉलपासून मुलगा झाला आणि त्याच वर्षी जीनला मुलगी, कर्स्टी मॅकॉल, जी पुढे स्वतः मोठी गायिका झाली आणि २०००मध्ये अपघातात गेली. कामगारांच्या दुःखाबद्दल इतकं हळवं लिहिणाऱ्या माणसाने घरातल्यांना काय सोसायला लावलं, हा हिशोब मला जमत नाही. 'फर्स्ट टाइम एव्हर' १९५७चं, पेगी अमेरिकेत असतानाचं. तिला कार्यक्रमासाठी एक छोटं प्रेमगीत हवं होतं, आणि तिने सांगितल्याप्रमाणे मॅकॉलने ते फोनवरून गाऊन शिकवलं. इतरांनी ते गायलेलं त्याला आवडायचं नाही. घरात त्या रेकॉर्ड्सचा वेगळा कप्पा होता आणि त्याला तो भयंकर वस्तूंचं दालन म्हणायचा असं घरच्यांनी सांगितलं आहे. रॉयल्टीला मात्र त्याने नाही म्हटलं नाही. का म्हणावं?

आता मॅकॉलने केलेल्या सगळ्यांत मोठ्या कामाकडे येतो. माझ्या मते हे एकच काम केलं असतं तरी तो पुरला असता.

९ फेब्रुवारी १९५७. बक्स्टनहून निघालेल्या मालगाडीचा ड्रायव्हर जॉन ॲक्सन, वय छप्पन. चढावर इंजिनातल्या ब्रेकच्या वाफेची नळी फुटली. केबिनमध्ये उकळती वाफ. ब्रेक गेला, रेग्युलेटरपर्यंत हात पोचेना. पुढे लांबलचक उतार. ॲक्सनने फायरमनला उडी मारायला सांगितली, म्हणजे तो डब्यांचे हातब्रेक आवळायचा प्रयत्न तरी करेल. स्वतः मात्र उडी मारली नाही. भाजलेल्या अंगाने केबिनच्या बाहेर लटकून राहिला आणि वाटेतल्या सिग्नलमनला हात करून इशारा दिला की गाडी ताब्यात नाही. चॅपल-एन-ला-फ्रिथ स्टेशनात ती पुढच्या मालगाडीवर आदळली. ॲक्सन गेला, आणि त्या दुसऱ्या गाडीचा गार्डही. ॲक्सनला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

बीबीसीच्या बर्मिंगहॅम केंद्रावर चार्ल्स पार्कर नावाचा निर्माता होता. त्याला या घटनेवर कार्यक्रम करायचा होता. त्याने मॅकॉलला गाठलं. तेव्हाची पद्धत अशी, की लोकांशी बोलायचं, टिपणं काढायची, त्यावरून लेखकाने संहिता लिहायची आणि नटांनी ती कामगारांचे उच्चार काढून वाचायची. दोघं जण नवीन आलेला, उचलून नेता येणारा टेपरेकॉर्डर घेऊन ॲक्सनच्या साथीदारांकडे गेले. चाळीस तासांहून जास्त बोलणं जमलं. मॅकॉल टेप ऐकायला बसला आणि त्याच्या लक्षात आलं की हे आपल्याला लिहिता येणार नाही. ही माणसं जे बोलतात त्याला उपमा आहे, लय आहे, थांबणं आहे. नटाला देऊन ते मरेल. म्हणून त्याने ठरवलं की नट काढून टाकायचे. लोकांचे आवाज जसेच्या तसे, मध्ये गाणी, खाली वाद्यं आणि इंजिनांचे खरे आवाज. निवेदक नाहीच.

आज हे वाचून काय विशेष, असं वाटेल. रेडिओवर, टीव्हीवर साध्या माणसाचा आवाज येतोच. पण १९५८पर्यंत बीबीसीवर रेल्वे कामगार स्वतःच्या बोलीत, कागद न वाचता, आपल्या कामाबद्दल तासभर बोलतो हे जवळजवळ घडतच नव्हतं. २ जुलै १९५८ रोजी 'द बॅलड ऑफ जॉन ॲक्सन' प्रसारित झालं. पार्करने ब्लेडने टेप कापून, जोडून ते उभं केलं होतं. एखाद्या माणसाचं वाक्य संपतं आणि त्याच्या शेवटच्या शब्दाच्या सुरावर गाणं उचलतं, असे जोड. पेगीने वाद्यमेळ बांधला. या प्रकाराला रेडिओ बॅलड म्हणायला लागले. १९६४पर्यंत असे आठ झाले.

दुसरं 'साँग ऑफ अ रोड', एम-वन हा मोठा महामार्ग बांधणाऱ्यांवर. त्यातला एक अनुभव मॅकॉल नेहमी सांगायचा. इंजिनिअर आणि आखणी करणारे साहेब बोलले की भाषा सपाट व्हायची. माहिती बरोबर, आवाज एकसुरी. खोदकाम करणारा मजूर तेच सांगताना मध्येच वर्तमानकाळात जायचा, मातीला माणसासारखं वागवायचा. साहेब लोकांनाही जागा हवी असा पार्करचा आग्रह होता, मॅकॉलला ते नको होते, आणि कार्यक्रम त्यामुळे थोडा पाणचट झाला. यात मॅकॉलचं वर्गयुद्ध आहे हे उघड आहे. तरी हाताने काम करणाऱ्याला त्या कामाबद्दल जे सांगता येतं ते देखरेख करणाऱ्याला येत नाही, हे निरीक्षण म्हणून मला खरं वाटतं.

तिसरं 'सिंगिंग द फिशिंग', १९६०चं. हेरिंग माशांच्या धंद्यावर. याला त्या वर्षीचं प्री इटालिया पारितोषिक मिळालं. नॉरफोकच्या किनाऱ्यावर विंटरटन गावात सॅम लार्नर राहायचा. जन्म १८७८चा. पोरगा होता तेव्हापासून बोटीवर, शिडाच्या काळात आणि मग वाफेच्या. आता ऐंशी ओलांडलेला, जुनी गाणी तोंडपाठ. त्याच्या आणि दुसऱ्या एका मच्छीमाराच्या बोलण्यातून, त्यांचेच शब्द आणि वाक्यांची वळणं घेऊन मॅकॉलने 'शोल्स ऑफ हेरिंग' हे गाणं बांधलं. चाल जुन्या वळणाची. मॅकॉल सांगायचा की सॅमला ते ऐकवलं तेव्हा म्हातारा खूश होऊन म्हणाला, हे तर मला लहानपणापासून येतं.

गीतकाराला याहून मोठं प्रशस्तिपत्र काय मिळणार? आणि एका अर्थाने सॅमचं खरंच होतं. शब्द त्याचेच होते. काही वर्षांनी हे गाणं आयर्लंडमध्ये 'शोर्स ऑफ एरिन' अशा नावाने पारंपरिक म्हणून ऐकू आलं, असाही किस्सा मॅकॉल सांगायचा. माशांचा थवा जाऊन आयर्लंडचा किनारा आला. लोकगीत असंच बनतं, चुकीचं ऐकून. शार्पला खेड्यात शंभर वर्षांनी मिळालं असतं ते इथे दहा वर्षांत डोळ्यांदेखत झालं.

पुढचे कार्यक्रम खाणकामगारांवर, पोलिओ झालेल्यांवर, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांवर, मुष्टियोद्ध्यांवर. सगळे सारखे जमलेले नाहीत. पोरांवरचा मला ओढून आणलेला वाटतो. मॅकॉलला तरुणांचं संगीत आवडत नव्हतं आणि ते लपत नाही. शेवटचा 'द ट्रॅव्हलिंग पीपल', १९६४चा, मात्र जबरदस्त आहे. गाड्यांतून फिरणाऱ्या जिप्सी आणि भटक्या लोकांचा. जिथे थांबतील तिथून पोलीस त्यांना हाकलायचे. शेवटी एका नगरसेवकाचा आवाज येतो. शांत, सुसंस्कृत. सुधारता येणार नाहीत अशांचं काय करायचं, या प्रश्नावर तो बोलत बोलत त्यांच्या नायनाटापर्यंत जातो. युद्ध संपून वीस वर्षंही झालेली नव्हती. मॅकॉल आणि पार्कर त्यावर एक शब्दही बोलत नाहीत. खर्च फार होतो म्हणून बीबीसीने ही मालिका बंद केली. पार्करची नोकरीही १९७२ साली गेली.

रेडिओ बॅलडमध्ये मॅकॉल ऐकायला बसला म्हणून मोठा झाला, असं मला वाटतं. क्लबमध्ये तो बोलायला बसायचा आणि लहान व्हायचा. खुर्ची उलटी करून बसणार, एक हात कानामागे, आणि तरुण गायकांना सांगणार की गाणं कसं म्हणायचं. १९६४मध्ये त्याने 'क्रिटिक्स ग्रुप' काढला. नाट्यप्रशिक्षणाच्या पद्धती गाण्याला लावायच्या, एकमेकांच्या गाण्याची चिरफाड करायची. त्यातून चांगले गायक निघाले हे नाकारता येत नाही. फ्रँकी आर्मस्ट्राँग, सँड्रा कर. (या सँड्रा करचं संगीत ब्रिटनमधल्या एका पिढीला पाठ आहे, कारण 'बॅगपस' या कापडी मांजराच्या मुलांच्या मालिकेत ती होती.) पण आठेक वर्षांत सगळं कडवट होऊन फुटलं. १९६२च्या डिसेंबरात एकवीस वर्षांचा बॉब डिलन सिंगर्स क्लबमध्ये गाऊन गेला. स्वागत थंड. पुढे मॅकॉलने त्याच्यावर छापून टीका केली. स्टालिनवर त्याने कौतुकाचं गाणं लिहिलं होतं, तेही याच माणसाने. सॅम लार्नरचं बोलणं इतक्या बारकाईने ऐकणाऱ्या कानाला रशियातून येणारं काही ऐकू आलं नाही.

डिलनच्या त्याच लंडन मुक्कामात तो मार्टिन कार्थीकडून 'स्कारबरो फेअर' शिकला आणि त्या चालीवरून स्वतःचं 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' केलं. १९६५मध्ये पॉल सायमनही ते कार्थीकडूनच शिकला. १९६६च्या सायमन आणि गारफंकलच्या रेकॉर्डवर ते आलं, खाली फक्त त्या दोघांची नावं. कार्थी बरीच वर्षं दुखावलेला होता. २००० साली सायमनने त्याला लंडनच्या मंचावर बोलावलं आणि दोघं ते एकत्र गायले, तेव्हा ते प्रकरण मिटलं. कार्थीने ते घेतलं होतं मॅकॉल आणि सीगर यांच्या 'द सिंगिंग आयलंड' या १९६०च्या पुस्तकातून. आणि मॅकॉलला, त्याच्या नोंदीप्रमाणे, ते मिळालं १९४७ साली, टीसडेलमधल्या मिडलटन गावात, शिशाच्या खाणीतून निवृत्त झालेल्या मार्क अँडरसनकडून. म्हणजे खाणकामगार, मग नाव बदललेला सॉल्फर्डचा पोरगा, मग लंडनचा गिटारवाला, मग न्यूयॉर्कचे दोघं. मॅकॉलचा नियम काटेकोरपणे पाळला असता तर ही साखळी तिसऱ्या कडीशीच थांबली असती. आणि कुणीच नियम पाळला नसता, सगळेच मिसिसिपीबद्दल गात बसले असते, तर अँडरसनच्या दारात टिपणवही घेऊन कुणी गेलंच नसतं.

मॅकॉलने शेवटपर्यंत लिहिणं सोडलं नाही. १९८४-८५च्या खाणकामगारांच्या संपात सत्तरीच्या घरातला हा माणूस पुन्हा संपकऱ्यांसाठी गाणी करत होता. हृदय कमजोर झालं होतं. त्याच सुमारास तो पेगीबरोबर स्कॉटलंडच्या उत्तरेकडे सुइल्व्हन या डोंगरावर चढायला गेला आणि त्याला अर्ध्यातच बसावं लागलं. त्यावर त्याने 'द जॉय ऑफ लिव्हिंग' हे निरोपाचं गाणं लिहिलं. डोंगरांचा निरोप, बायकोचा, मुलांचा. त्यात स्कॉटलंडमधल्या सुइल्व्हनबरोबरच ब्लीकलोही आहे. २२ ऑक्टोबर १९८९ रोजी तो गेला. आत्मचरित्र पुढच्या वर्षी आलं, 'जर्नीमन' या नावाने. पूर्वी शिकाऊपणा संपवून गावोगाव कामाला फिरणाऱ्या कारागिराला जर्नीमन म्हणत.